पिंजऱ्यातील पोट आणि रानातील पोट



कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की तो महागाईभत्ता, बोनस किंवा कंत्राटी पद्धती यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते, आणि ती चुकीची नसते. आज मात्र मी साप, कासवे, काळविटे आणि बिबटे यांच्या पोटातील जंतांवर बोलणार आहे. हा विषय मी निवडला नाही, तो माझ्याकडे तक्रार म्हणून आला.

काही वर्षांपूर्वी एका प्राणिसंग्रहालयात पिंजरे धुण्याचे काम करणारा एक कंत्राटी कामगार मला भेटायला आला. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याची मागणी गमबुटांची होती आणि तशा मागण्या आमच्याकडे रोजच येतात. पण जाता जाता तो म्हणाला, "भाऊ, बिबट्याची विष्ठा ठरल्या दिवशी तपासायला जाते. तिच्यात जंतांची अंडी निघाली की लगेच औषध येतं. ती विष्ठा उचलतो मी. माझी कोण तपासणार?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शाळा मी सातवीत सोडली. त्यानंतर जे शिकलो ते ग्रंथालयाच्या बाकावर, आणि ज्यांना विचारायला लाज वाटत नाही अशा डॉक्टरांच्या दारात. या प्रश्नाने मला पुन्हा त्या बाकावर नेऊन बसवले. तेथे जे वाचले आणि पशुवैद्यांना विचारून जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, जी वाचून मी स्वतः चकित झालो, ती ही की रानातील जवळजवळ प्रत्येक प्राण्याच्या पोटात काही ना काही जंत असतातच. आंब्याच्या झाडावरचे बांडगूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. ते झाडाचा रस घेते, पण सहसा झाड मारीत नाही. झाड मेले तर ते खाणार काय? पोटातले बहुतेक कृमीही याच हिशेबाने वागतात. पाला खाणाऱ्या कासवांच्या मोठ्या आतड्यात बारीक सुतासारखे कृमी हजारोंनी सापडतात आणि कासव खुशाल चरत असते. हे कृमी आतड्यातला चोथा हलवून पचनाला मदतच करीत असावेत, असेही काही शास्त्रज्ञांचे मत आहे. म्हणजे कृमी असणे आणि कृमींचा रोग असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मग पहिलीची दुसरी केव्हा होते?

याची किल्ली एका साध्या गोष्टीत आहे. पोटातील बहुतेक मोठे कृमी पोटातल्या पोटात वाढून संख्येने दुप्पट-चौपट होत नाहीत. मादी अंडी घालते, ती अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि जमिनीवर किंवा पाण्यात पिकतात. त्यांतले एखादे पुन्हा कुणाच्या तोंडात किंवा कातडीत शिरले तरच नवा कृमी तयार होतो. पोटात शंभर जंत असतील तर शंभर वेळा बाहेरून आत काहीतरी गेलेले आहे. म्हणून पोटात किती जंत आहेत हे त्या पोटावरून ठरण्यापेक्षा पायांखालच्या जमिनीवरून अधिक ठरते. अमीबासारखे सूक्ष्म जीव याला अपवाद आहेत. ते आतल्या आत वाढतात, आणि म्हणूनच ते अधिक घातक ठरतात. त्यांच्याकडे पुढे येतो.

आता रानातला बिबट्या पाहा. तो एका रात्रीत कित्येक मैल चालतो. आज जेथे विष्ठा टाकली तेथे तो उद्या जेवत नाही. त्याच्या अंड्यांना ऊन लागते, वारा लागतो, शेणकिडे ती विष्ठा उकरून नेतात. आमच्या नगर जिल्ह्यातले चैत्र-वैशाखातले ऊन हा फार मोठा वैद्य आहे, एवढे तरी श्रेय आपण या उन्हाला दिले पाहिजे. तोच बिबट्या पिंजऱ्यात आला की निजणे, खाणे आणि विष्ठा टाकणे या तिन्ही क्रिया पंधरा-वीस हात जागेत होऊ लागतात. फरशी रोज धुतात, म्हणून ती रोज ओली असते. सावली आहे, ओल आहे आणि तोच प्राणी पुन्हा पुन्हा त्याच जागी आहे. कृमीच्या अंड्याला याहून अधिक काय हवे? प्राणी तोच, कृमी तोच, बदलली ती फक्त राहण्याची जागा.

हे वाचताना मला आमच्याच इतिहासातली एक गोष्ट आठवली. स्वित्झर्लंडमध्ये १८७२ ते १८८२ या काळात सेंट गोटहार्डचा सुमारे पंधरा किलोमीटरचा रेल्वे बोगदा खणला गेला. मजूर बहुतेक इटलीतले. १८७५ मध्ये त्यांनी संप केला, तेव्हा गोळीबार होऊन चार कामगार मेले, एवढे मला आधीपासून ठाऊक होते. पण याच बोगद्यातले मजूर पांढरेफटक पडून मरू लागले होते, हे ठाऊक नव्हते. १८८० मध्ये तुरिनचे प्राध्यापक पेरोंचितो यांनी दाखवून दिले की त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी आहेत आणि ते रक्त पीत आहेत. अंकुशकृमी हा मूळचा उष्ण प्रदेशातला कृमी, आल्प्सच्या बर्फात तो जगला कसा? उत्तर बोगद्यातच होते. आत उष्मा, चिखल, शौचाची सोय नाही आणि शेकडो माणसे त्याच चिखलात उभी. बाहेर बर्फ असताना आत कंत्राटदाराने कृमीसाठी उष्ण प्रदेश तयार करून दिला होता. पुढे काही वर्षांनी कैरोमध्ये लूस नावाच्या शास्त्रज्ञाच्या हातावर या कृमींच्या अळ्या असलेले पाणी चुकून सांडले. कातडी चुरचुरली, आणि काही आठवड्यांनी त्याला आपल्याच विष्ठेत कृमीची अंडी सापडली. अळी केवळ तोंडाने नव्हे, कातडीतूनही शिरते, हे असे कळले. गमबुटांची मागणी ही चैनीची मागणी नव्हे, हे मी त्या दिवशी शास्त्राच्या पुस्तकात वाचले.

आता सापांकडे वळू. माणसाला आमांश करणारा अमीबा आपल्या परिचयाचा आहे. सापांना त्याचा एक चुलतभाऊ ग्रासतो. १९३४ साली रोधँ यांनी त्याचे वर्णन केले आणि त्याला 'एन्टामीबा इन्व्हाडेन्स' असे नाव मिळाले. इन्व्हाडेन्स म्हणजे चाल करून जाणारा. त्याच सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील सापांवर रॅटक्लिफ आणि गायमन यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. साप खाणे सोडतो, विष्ठेत शेंब आणि रक्त येते, आतड्याला जखमा होतात, त्या यकृतापर्यंत पोचतात आणि थोड्याच आठवड्यांत साप मरतो. एका खोलीतला एक मेला की पाठोपाठ दुसरे जातात.

यातली खरी गंमत, गंमत म्हणण्यासारखी नसली तरी, पुढे आहे. हाच अमीबा पाला खाणाऱ्या कासवांच्या पोटात मुकाट राहतो आणि त्यांना सहसा काही करीत नाही. कासव दिसायला निरोगी असते, पण त्याच्या विष्ठेतून अमीबाच्या कवचबंद गाठी पाण्यात उतरत असतात. रानात कासव आपल्या वाटेने जाते आणि साप आपल्या बिळात. दोघांची भेट एका भांड्यात होण्याचा प्रसंग क्वचितच येतो. प्राणिसंग्रहालयात मात्र कासवाचे टाके आणि सापाची पेटी शेजारीशेजारी असतात. आणि भेट कोण घडवून आणतो? पाण्याची बादली आणि झाडू. बादली एकच, झाडू एकच, आणि ते फिरवणारा कामगारही एकच, कारण दुसरा नेमायला मंजुरी नाही. साप मेला की चौकशीत लिहितात, 'कर्मचाऱ्याची हयगय'.

याच अमीबाने माणसावर एक उपकारही केला आहे. आमांशाचा अमीबा प्रयोगशाळेतल्या नळीत कवचबंद गाठ सहजी बनवीत नाही, सापाचा अमीबा बनवतो. रोग पसरतो तो या गाठीमुळेच. म्हणून ती गाठ कशी बनते याचा अभ्यास जगभरचे शास्त्रज्ञ सापाच्या अमीबावर करतात.

सापांच्या बंदिवासाचा विषय आपल्याला परका नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग आपण सर्वांनी पाहिला आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीसाठी आधी कितीतरी दिवस नाग पकडून मडक्यांत ठेवीत. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याला आळा घातला. धर्माचा किंवा पोटापाण्याचा प्रश्न वेगळा, मी फक्त टोपलीच्या तळाबद्दल बोलतो आहे. त्या तळाशी ओल असते, सापाची विष्ठा असते, कालच्या सापाचे उरलेले असते. उपाशी आणि घाबरलेल्या जनावराची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते. मग एरवी जे कृमी गपचूप राहिले असते ते डोके वर काढतात. माणसाचे याहून वेगळे नाही.

याच्या उलट उदाहरण तामिळनाडूतले आहे, आणि संघटनेचा माणूस म्हणून मला ते सांगताना आनंद होतो. मद्रासजवळ इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांनी १९७८ मध्ये आपली सहकारी संस्था काढली. पूर्वी ते कातड्यासाठी साप मारीत आणि दलाल त्यांना लुबाडीत. आता ते साप पकडून आणतात, सुमारे महिनाभर मडक्यात ठेवतात, तेवढ्यात चार वेळा विष काढतात आणि सापाला रानात सोडून देतात. प्रतिविषाच्या लसीसाठी लागणारे विष देशाला बऱ्याच प्रमाणात येथून मिळते. साप जन्मभर डांबून ठेवण्यापेक्षा थोडे दिवस ठेवून सोडण्याचा हा रिवाज कृमींच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांच्या संस्थेत हे चालते.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० सालचे. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. चांगल्या हेतूने राखलेली ही जागा आहे आणि तिच्यामुळे काळवीट टिकले, यात शंका नाही. पण भोवती शेती आहे, मेंढरे-शेरडे आहेत, आणि मेंढी व काळवीट यांच्या पोटात एकच रक्तपिता कृमी सुखाने राहू शकतो. त्याचे शास्त्रीय नाव हिमाँकस. जठराच्या चौथ्या कप्प्यात तो चिकटतो. त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. रक्त कमी होऊन जनावराच्या जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबू लागते, हे आमच्या धनगर बांधवांना कुणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात आणि पुढचे तोंड येण्याची वाट पाहतात. कळप मोकळा फिरत असेल तर तो महिन्या-दोन महिन्यांनी त्या गवतावर येईल, तोवर अळ्या उन्हात मेलेल्या असतात. कळपाला एकाच कुरणात फिरावे लागले तर अळ्यांना वाट पाहावी लागत नाही. उन्हाळ्यातल्या सिमेंटच्या पाणवठ्याचेही तसेच. पाणी पाजण्याचे पुण्य खरे, पण भोवतालचा चिखल तसाच ठेवला आणि टाकी कधी घासली नाही तर सगळ्या रानाची विष्ठा तेथे एकत्र येते.

दक्षिण आफ्रिकेत या कृमीसाठी एक सुटसुटीत तक्ता निघाला. मेंढीची खालची पापणी उलटवून आतला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. लाल असेल तर औषध नको, फिकी असेल तिलाच द्यायचे. फाफा मलान या पशुवैद्याच्या नावावरून त्याला 'फामाचा' म्हणतात. सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजले तर औषधाला न मरणारे कृमीच तेवढे शिल्लक राहतात आणि पुढे औषध निरुपयोगी ठरते. जगभर मेंढपाळांचा हा अनुभव आहे. काळविटाची पापणी कोण उलटवणार? म्हणून त्याच्या बाबतीत जमीन सांभाळणे एवढाच मार्ग उरतो.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अकोले तालुका. तेथील उसात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. विष्ठेतले केस तपासून बिबट्या काय खातो हे त्यांनी काढले. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. म्हणजे आमच्या गावकुसाबाहेरचा उकिरडा कुत्रे पोसतो आणि ते कुत्रे बिबट्याला पोसतात. ज्यांच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलेले नाही, अशी ही गावची कुत्री. कुत्रा आणि मांजरकुळातले प्राणी या दोघांनाही होणारे गोल जंत आहेत. एक लांब फितीसारखा कृमी तर असा आहे की त्याची अळी आधी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या टाचणीच्या टोकाएवढ्या जिवात असते, तेथून बेडकात जाते, बेडूक सापाने गिळला तर सापाच्या कातडीखाली जाऊन पडून राहते, आणि तो बेडूक किंवा साप मांजर-कुत्र्याने अथवा बिबट्याने खाल्ला की त्याच्या आतड्यात तिची हातभर लांबीची फीत होते. डबके, बेडूक, साप आणि बिबट्या ही सगळी एका दोऱ्यात ओवलेली आहेत. नाल्याकाठी राहणाऱ्या भिंगारकरांनी आपला नाला या दृष्टीने एकदा पाहावा.

सायक्लॉप्सचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी नारू पाहिला आहे. पायातून पांढरा दोरा निघायचा आणि तो काडीवर गुंडाळीत बसायचे. त्याचीही अळी याच सायक्लॉप्समध्ये वाढे. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी माणूस उतरला की अळ्या पाण्यात सुटत. विहिरींना कठडे घातले, पाणी फडक्याने गाळून प्यायला शिकवले, आणि नारू गेला. शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. नारूवर ना लस होती, ना औषध. तो फडक्याने आणि कठड्याने गेला. मात्र आफ्रिकेतल्या चाड देशात २०१२ पासून हाच नारू कुत्र्यांमध्ये आढळू लागला आहे. माणसाने दार लावले तर त्याने कुत्र्याचे दार शोधले.

साप आणि जंत म्हटले की भीतीही पसरते, म्हणून एक प्रसंग स्पष्ट सांगितला पाहिजे. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे एका ६४ वर्षांच्या बाईच्या मेंदूतून शस्त्रक्रियेत आठ सेंटिमीटरचा जिवंत कृमी निघाला. तो अजगराच्या पोटात राहणारा कृमी होता. बाई तळ्याकाठची रानभाजी खुडून आणीत, तिच्यावर अजगराच्या विष्ठेतली अंडी असावीत, असा डॉक्टरांचा तर्क आहे. माणसात हा कृमी सापडल्याची जगातली ही पहिलीच नोंद. तेव्हा घाबरून कुणी साप मारू नये. आषाढ-श्रावणात आपल्या आयाबहिणी कुर्डू, टाकळा, आघाडा खुडून आणतात, ती भाजी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवावी आणि शिजवून खावी. धामण उंदीर खाऊन आपले जे धान्य वाचवते त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

औषधांविषयी थोडे. रानातले प्राणी आपली औषधे स्वतः शोधतात, ही गोष्ट बरीचशी खरी आहे. टांझानियातल्या महाले डोंगरात १९८७ साली एक आजारी चिंपांझी मादी एका कडू झुडपाची साल सोलून आतला गर चोखताना दिसली. निरीक्षक होते मायकेल हफमन. पण ते झुडूप पाहताच ओळखले ते त्यांच्याबरोबरच्या मोहमदी सैफू कालुंदे या रक्षकाने. त्याच्या लोकांत ते पोटदुखीचे औषध होते. दुसऱ्या दिवशी मादी पुष्कळ सुधारली. चिंपांझी खरखरीत पाने न चावता घडी करून गिळतात आणि ती पाने आतड्यातले कृमी खरवडून बाहेर आणतात, हेही पुढे दिसले. आपले कुत्रे गवत खाते ते कशासाठी, याचा विचार आपण करतो का? त्या रक्षकाचे नाव शास्त्राच्या निबंधात छापले गेले, याचे मला विशेष वाटते. आपल्याकडे ते 'स्थानिक मजूर' म्हणून गेले असते.

पण एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, हेही ध्यानात ठेवावे. आयव्हरमेक्टिन हे औषध जपानमधल्या मातीतल्या एका जंतूपासून निघाले. त्याबद्दल ओमुरा आणि कॅम्बेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुरे-मेंढ्यांना ते वरदान आहे. कासवाला मात्र ते दिले की त्याचे स्नायू लुळे पडतात आणि ते मरते. १९८३ पासून हे छापील ज्ञान आहे. काही लोक भाग्याचे म्हणून चांदणी कासव घरात ठेवतात. तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि वर ते मलूल दिसले म्हणून गोठ्यातले औषध त्याला टोचतात. अशा कासवाला वन खात्याच्या स्वाधीन करावे, हा एकच इलाज आहे. आपल्या मुलांसाठी मात्र शाळेत आणि अंगणवाडीत २०१५ पासून जंतनाशक दिनाला जी गोळी देतात, ती अवश्य घ्यावी.

आता त्या कामगाराच्या प्रश्नाकडे. मी नियम काढून वाचले. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेचे नियम १९९२ साली आले. त्यांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्या नोकरांची वैद्यकीय तपासणी दोन वर्षांतून निदान एकदा व्हावी, असे होते. मला क्षणभर आनंद झाला. मग पुढचे शब्द वाचले. ही तपासणी कशासाठी, तर नोकरांमार्फत प्राण्यांना रोग होऊ नये यासाठी. उलट दिशेचा विचार त्या वाक्यात नव्हता. तरी मी तेच वाक्य घेऊन व्यवस्थापनाकडे गेलो. म्हटले, तुमच्या बिबट्याच्या भल्यासाठी का होईना, आमच्या माणसाची विष्ठा तपासा.

तेथील पशुवैद्य शहाणे गृहस्थ होते. त्यांनी कासवांच्या आणि सापांच्या विभागांना वेगळ्या रंगाच्या बादल्या व वेगळे झाडू मागितलेलेच होते. त्यांचा अर्ज आणि आमचा अर्ज एकत्र जोडून पाठवला. तपासणीत पिंजरे धुणाऱ्यांपैकी काहींच्या पोटात अंकुशकृमी निघाले. ते बिबट्याकडून आलेले नव्हते, वस्तीतले होते. तेथे नळ एक आणि संडास बंद. त्यांना औषध मिळाले. बूट सहा महिन्यांनी आले, सगळे एकाच मापाचे, आठ नंबरचे. ज्यांना ते मोठे होतात ते आत चिंध्या कोंबून घालतात. वस्तीतल्या संडासाचा अर्ज आता दुसऱ्या कचेरीत आहे.